कालव्याच्या वळणावरची सही

मीटिंगमध्ये माझं नाव कानावर पडलं की मी आधी "येस, ऑफ कोर्स" म्हणतो आणि मग शेजारच्याला हळूच विचारतो, की मी कशाला हो म्हणालो. या सवयीपायी मी एकदा अर्धी मॅरेथॉन पळालो आहे आणि एका सहकाऱ्याची तीन मांजरं आठवडाभर सांभाळली आहेत. दीड वर्षापूर्वी याच सवयीने मला नोकरीतलं सगळ्यात आनंदाचं काम मिळवून दिलं. त्याची वाट लावायला मात्र मला सवयीची गरज पडली नाही, ते मी अक्कलहुशारीने केलं.

लंडनमधल्या एका तांत्रिक विद्यापीठाच्या लायब्ररीत मी कॉम्प्युटरचं काम बघतो. जुने कागद स्कॅन करायचे, त्यांना नंबर द्यायचे, शोधले की सापडतील असे ठेवायचे. त्या दिवशी मी ज्याला हो म्हणालो ते काम असं होतं: या विद्यापीठात जे कृष्णवर्णीय लोक शिकले, शिकवून गेले, ज्यांनी वर्कशॉपमध्ये लेथ चालवले, दारावर पोर्टर म्हणून उभे राहिले, कँटीनमध्ये सूप ढवळलं, त्या सगळ्यांचा इतिहास गोळा करायचा आणि त्याचं प्रदर्शन मांडायचं. प्रमुख होती आमची आर्काइव्हिस्ट, म्हणजे जुन्या कागदपत्रांची राखणदार. ती कृष्णवर्णीय, कार्डिफची. तिचे पणजोबा बोटीच्या भट्टीत कोळसा टाकत आले आणि तिथल्या गोदीजवळच राहिले. वयाने ती माझ्याएवढी, पण माझ्यापेक्षा कमी बोलते आणि जास्त ऐकते, त्यामुळे बॉस ती आहे.

घरी हॅरोला येऊन बायकोला म्हणालो, "मला काय कळतं यातलं?"

"काही कळत नाही म्हणूनच तुला घेतात सगळे," ती म्हणाली. "तू घाबरत नाहीस."

पहिल्या महिन्यातच मला त्या कामाचं वेड लागलं. लोकांच्या माळ्यांवरून सुटकेसी उतरायला लागल्या. अक्राहून आलेल्या एका विद्यार्थ्याची स्लाइडरूल, म्हणजे हिशोबाची सरकती पट्टी, आली, तिच्या खोळीत नाचाच्या कार्यक्रमाचं तिकीट. एकाच्या काँक्रीटच्या नोट्समध्ये दोन कागद टाचलेले सापडले. पहिला घरमालकिणीचं पत्र: आपण फारच सभ्य दिसता, पण खोली कालच गेली. दुसरा त्याच खोलीची दोन दिवसांनंतरची वर्तमानपत्रातली जाहिरात. त्याने खाली एक अक्षरही लिहिलं नव्हतं. टाचणी मारली होती आणि पुढच्या ओळीपासून पुन्हा सिमेंट, वाळू आणि खडीचं प्रमाण. मी ते दोन्ही कागद घेऊन लायब्ररीभर दिसेल त्याला दाखवत फिरलो. रोज सकाळी ऑफिसला पळत जाणारा माणूस मी कधीच नव्हतो, पण त्या वर्षी होतो.

आणि मग एक दिवस त्या आल्या.

आम्ही नोटीस लावली होती: आपण किंवा आपलं कोणी इथे काम केलं असेल तर भेटा. मी रिसेप्शनपाशी उभा होतो. ऐंशीच्या घरातल्या एक ताठ बाई आत आल्या, निळा कोट, हातात भला मोठा गोल डबा. त्या दिवशी वरच्या मजल्यावर कोणाची तरी पार्टी होती. मी मदतीच्या उत्साहात पुढे झालो आणि म्हणालो, "कॅटरिंगचं सामान मागच्या दाराने घेतात."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "ते दार मी एकतीस वर्षं वापरलंय," त्या म्हणाल्या. "आज पुढच्या दाराने यावंसं वाटलं. यात आल्याचा केक आहे. तुझ्या साहेबीणबाईंना द्यायला आणलाय, तुला नाही."

आणि मी, लक्षात घ्या, त्या प्रकल्पाचा माणूस. माझ्या गळ्यात प्रकल्पाचं नाव छापलेलं कार्ड लटकत होतं.

बाई बार्बाडोसच्या. अठराव्या वर्षी आईमागून इंग्लंडला आल्या आणि साठच्या दशकात या विद्यापीठाच्या ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसर म्हणून लागल्या. तेव्हा प्राध्यापक किंवा ड्राफ्ट्समन पेन्सिलीने मूळ ड्रॉइंग काढायचे. ट्रेसर बायका ते शाईने ट्रेसिंगच्या कापडावर उतरवायच्या आणि त्यावरून निळ्या प्रती निघायच्या. त्या ऑफिसात काळ्या त्या एकट्याच. खात्याचा ग्रुप फोटो काढायच्या दिवशी त्यांना प्रती आणायला पाठवलं होतं, त्यामुळे फोटोत त्यांची खुर्ची आहे, त्या नाहीत.

मी त्यांना 'मॅडम' म्हणायला लागलो. "मी राणी नाही," त्या म्हणाल्या. मग आमच्याकडचा हुकमी शब्द काढला: आंटी. तो त्यांच्याकडेही तसाच चालतो हे मला ठाऊक नव्हतं. एवढं एक मला न चुकता जमलं.

दुसऱ्या भेटीत मी त्यांच्या घरी गेलो, माझ्यापासून दोनच स्टेशनांवर, पिनरला. रेकॉर्डर चालू करून मी मोठ्या आपुलकीने म्हणालो, "आंटी, ट्रेसिंग मीसुद्धा केलंय." आणि जीटीची गोष्ट सांगितली.

पुण्याकडच्या कुठल्याही इंजिनिअरला विचारा, जीटी म्हणजे काय. ग्लास ट्रेसिंग. होस्टेलच्या खिडकीची काढून आणलेली काच दोन खुर्च्यांवर आडवी, खाली बल्ब, काचेवर मित्राची पूर्ण झालेली शीट, तिच्यावर आपली कोरी. तासाभरात ड्रॉइंग तयार. मग उजव्या खालच्या कोपऱ्यात तो चौकोन असतो ना, टायटल ब्लॉक, ज्यात 'कोणी काढलं' असं लिहायचं असतं, तिथे ऐटीत आपलं नाव. मी चार सेमिस्टर असा पास झालो. मेकॅनिकलची पदवी काचेवर काढली आणि थेट कॉम्प्युटरकडे पळालो.

गोष्ट सांगताना मी स्वतःच हसत होतो. आंटी हसल्या नाहीत.

"म्हणजे तू चोरी करायचास," त्या म्हणाल्या.

"तसं... हो."

"आणि तुला वाटतं मी एकतीस वर्षं तेच केलं."

रेकॉर्डिंगमध्ये यानंतर चमचा पडल्याचा आवाज आहे, तो माझा. 

चहाचा दुसरा कप झाल्यावर त्यांनी मुद्द्याला हात घातला. विद्यापीठाच्या तळघरात पाण्याच्या प्रयोगांसाठी काँक्रीटचा एक कालवा आहे, नागासारखा वळलेला. कालव्याच्या दोन्ही काठांवर रूळ आहेत आणि त्यांच्यावरून मोजमापाची गाडी फिरते. तो आजही चालतो. भिंतीवरच्या पितळी पाटीवर एका प्राध्यापकांचं नाव आहे.

"वळण माझं आहे," आंटी म्हणाल्या. "तुमच्या प्रदर्शनात कालवा असेल तर ते लिहा. नसेल लिहायचं तर मला त्यात घालूच नका. 'मदतनीस' म्हणून कोपऱ्यात फोटो लावलेला मला नको. महिन्याभरात घर विकून मी मुलीकडे जाणार आहे, पार वर न्यूकासलला. जाण्याआधी मला ते भिंतीवर वाचायचंय."

मी तिथून निघालो तो जवळजवळ नाचतच. दुसऱ्या दिवशी प्रदर्शनाच्या समितीला सांगून टाकलं: कालवा एका कृष्णवर्णीय स्त्रीने डिझाइन केला. समितीतले लोक खुर्चीत पुढे सरकले. आर्काइव्हिस्टने फक्त विचारलं, "कागद?"

आमचा नियम तिचाच होता आणि तो कडक होता. कोणाबद्दलही कामाचा दावा भिंतीवर लावायचा तर त्याला एक कागद हवा, नाहीतर दुसरा साक्षीदार. आंटींच्या ऑफिसातलं आता कोणी उरलं नव्हतं. "आपल्यावर कोणी बोट ठेवणार असेल," ती म्हणाली, "तर ते ठेवायला त्यांना जागा मिळता कामा नये."

"कागद आहे की," मी म्हणालो. "खात्याची सगळी जुनी ड्रॉइंग मी गेल्या वर्षीच स्कॅन केलीत. उद्या त्यांनाच बोलवू."

तर दुसऱ्या दिवशी साडेअकराला रीडिंग रूममध्ये आम्ही तिघं. मोठ्या पडद्यावर मी कालव्याची पहिली शीट उघडली. सुरेख. काळी, नितळ, केसाएवढ्या रेघा. आंटी पुढे वाकल्या.

"खाली उजवीकडे जा."

गेलो.

"अजून खाली."

"अजून खाली नाहीये."

"म्हणजे?"

"इथे संपतं ते."

"ड्रॉइंग असं संपत नसतं, बाळा. चौकोन कुठाय?"

 चौकोन कुठे आहे ते मला चांगलं माहीत होतं. स्कॅन करताना मला ती ड्रॉइंग फार देखणी वाटली होती आणि कडेचे ते चौकोन, तक्ते, शिक्के म्हणजे नुसती अडगळ. मी एक छोटा प्रोग्राम लिहिला, जो प्रत्येक शीटच्या कडा नीट छाटून टाकायचा. त्याचा मला अभिमान होता. त्यावर मी स्टाफसमोर वीस मिनिटं भाषणही दिलं होतं. दुसरा कोणी असता तर छाटण्याआधी निदान थबकला असता. पण मी जीटीवर वाढलेला माणूस. टायटल ब्लॉकमध्ये ज्याचं नाव असतं त्याने ते ड्रॉइंग काढलेलं नसतं, हे माझ्या हाडीमाशी भिनलेलं. त्या चौकोनात काही खरं असू शकतं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

मी सगळं सांगितलं. सांगावंच लागलं, दोघी माझ्याकडेच बघत होत्या.

आर्काइव्हिस्टने चष्मा काढला, पुसला. "किती छाटलेस?"

"सगळे. नऊशेच्या वर."

"छाटण्याआधीचे स्कॅन?"

"जागा फार खात होते."

"मूळ कागद?"

मूळ कागद आर्काइव्हचे नव्हते, खात्याच्या गोदामातले होते, म्हणून तिची सही लागत नव्हती. एका फॉर्मवर प्रश्न होता: मूळ प्रती ठेवायच्या का? माझे स्कॅन इतके सुंदर होते, की मी 'नको' वर खूण केली होती. गोदाम या आठवड्यात रिकामं होत होतं.

तिने फोन लावला. गोदामवाला म्हणाला, गुंडाळ्या पिंजऱ्यांत भरून अंगणात ठेवल्यात, रद्दीचा ट्रक दोन वाजता येतोय. घड्याळात बारा वाजून दहा मिनिटं झाली होती.

माझी कल्पना अशी, की आंटींना टॅक्सीत घालून घरी पाठवावं आणि आपण धावावं. मी तसं सुचवायला तोंड उघडलं तर त्यांच्या कोटाची शेवटची गुंडी लागलेली होती.

"तुला कापड आणि कागद यातला फरक कळतो का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग चल."

आर्काइव्हिस्टची गाडी म्हणजे बुटाचा खोका. आंटी पुढे, मी मागे, गुडघे कानाशी. वाटेत त्यांनी मला सगळी हकीकत सांगितली आणि मी इतका भारावून ऐकत होतो, की आपण ट्रकशी शर्यत लावली आहे हे दोनदा विसरलो.

कालव्याचं ड्रॉइंग त्यांच्या टेबलावर आलं त्याच्या आदल्या आठवड्यात त्यांनी तळघराच्या खांबांचं ड्रॉइंग उतरवलं होतं. इमारत एका खात्याची, कालवा दुसऱ्याचा. दोन्ही कागद एकाच हाताखालून गेले होते, आणि तो हात त्यांचा होता. वळणाची रेघ ओढता ओढता त्या थांबल्या. रुळावरची गाडी वळणावर बाहेरच्या अंगाला किती येते ते त्यांनी मोजलं. गाडी थेट खांबावर आदळत होती.

"मग तुम्ही सांगितलंत?"

"ट्रेसरने विचार करायचा नसतो. जे आहे ते उतरवायचं. मी चिठ्ठी लावून पाठवली. चिठ्ठी परत आली नाही. दुसरी लावली. काँक्रीट ओतायला चार दिवस उरले तेव्हा मी प्राध्यापकांच्या दारावर गेले. ते म्हणाले, चहा टेबलावर ठेव."

आर्काइव्हिस्ट स्टिअरिंगवर हसली. मी हसलो नाही. पुढच्या दाराने आलेला केकचा डबा डोळ्यांसमोर आला.

"मग?"

"मग मी चहा नाही असं म्हटलं आणि दोन्ही कागद त्यांच्या टेबलावर एकावर एक ठेवले. ते बराच वेळ बघत बसले. शेवटी म्हणाले, बदल करा आणि तुमची सही करा. 'माझी?' मी विचारलं. म्हणाले, 'चूक कोणी पकडली?'"

गोदामाच्या अंगणात सहा पिंजरे, प्रत्येकात शेकडो गुंडाळ्या. पिवळं जाकीट घातलेला गोदामवाला म्हणाला, "कुठली हवीय?" आर्काइव्हिस्ट म्हणाली, "सगळे पिंजरे थांबवा, लेखी देते." त्याने तिला आत नेलं. एवढ्यात ट्रक फाटकाशी आलाच, आणि मी दोन्ही हात पसरून त्याच्यासमोर उभा राहिलो. फार शौर्याचं वाटलं. ड्रायव्हरने काच खाली करून सांगितलं, की तो दूध पोचवायला शेजारच्या अंगणात चाललाय.

आंटी तोवर पिंजऱ्याशी. हातमोजे काढून त्या प्रत्येक गुंडाळीच्या टोकावर अंगठा फिरवत होत्या. "कागद. कागद. फिल्म. कागद." मी ओणवा होऊन खालच्या गुंडाळ्या त्यांच्या हाताशी धरत होतो. चौथ्या पिंजऱ्यात अंगठा थांबला. "कापड."

आतल्या लांब टेबलावर ती उलगडली. निळसर, मेणासारखं गुळगुळीत कापड, आणि कोपऱ्यात, शाबूत, चौकोन. पहिली शीट: काढणारा, भलत्याच कोणाची आद्याक्षरं. ट्रेस करणारी, आंटींची. दुसरी शीट, तेच. तिसरी, चौथी, तेच. माझा चेहरा पडला. समितीला मी छातीठोक सांगून बसलो होतो.

"आंटी, कालवा तुम्ही काढला नाही?"

"मी कधी म्हटलं? मी म्हटलं वळण माझं. कालवा तू म्हणालास."

खरं होतं. रेकॉर्डिंगमध्येही तेच आहे, नंतर तपासलं.

सातव्या शीटवर वळण होतं. टायटल ब्लॉकच्या वर एक चिमुकला तक्ता, बदलांचा. त्यात एकच ओळ, रेघेसारख्या अक्षरात: वळणाची त्रिज्या वाढवली, खांब टाळण्यासाठी. पुढे आंटींची आद्याक्षरं. त्यापुढे प्राध्यापकांची, 'मान्य' या रकान्यात.

मी ओरडणार होतो. आर्काइव्हिस्टने माझा दंड धरला होता, ती स्वतःच्या नकळत तो पिळत होती. आंटींनी ओळीवर बोट न लावता, बोट जरा वर धरून, ती डावीकडून उजवीकडे वाचली.

"शाई चांगली राहिलीय," त्या म्हणाल्या.

परतताना आर्काइव्हिस्ट मला म्हणाली, "नऊशे शीट तू पुन्हा स्कॅन करणार आहेस. कडांसकट." मी म्हणालो, येस, ऑफ कोर्स. या वेळी कशाला ते विचारावं लागलं नाही.

प्रदर्शनाचा मजकूर मी लिहिला. एक पान. 'काळाच्या उदरात गडप झालेली महान अभियंता' अशी सुरुवात होती. आंटींनी पेन्सिल मागितली.

"'महान' काढ. 'गडप' काढ, मी पिनरला होते. 'अभियंता'ही काढ."

"पण आंटी, ते तर..."

"इंजिनिअरिंगच्या कोर्सला पाठवा म्हणून मी दोनदा ड्रॉइंग ऑफिसच्या साहेबांकडे गेले. दोनदा नाही म्हणाले. मला अभियंता होऊ दिलं नाही. तू आता एका शब्दात करून टाकलंस, तर त्यांनी नाही म्हटलं ते कुठे गेलं?"

मी आर्काइव्हिस्टकडे पाहिलं. "नकाराचा कागद आहे?" तिने आंटींना विचारलं, त्याच आवाजात ज्यात मला विचारलं होतं.

"नाही. तोंडी होता."

"मग 'त्या सांगतात' असं लिहू."

"लिही. मी सांगतेच आहे."

तळघरात, कालव्याशेजारच्या भिंतीवर, शेवटी चार वाक्यं लागली. एक चिठ्ठ्यांचं, एक वळणाचं, एक नकाराचं, आणि एक त्या किती वर्षं तिथे होत्या त्याचं. शेजारी सातव्या शीटचा नवा स्कॅन, चारही कडा असलेला.

उद्घाटनाला आंटी त्याच निळ्या कोटात आल्या. नव्या पाटीसमोर उभ्या राहून त्यांनी चार वाक्यं वाचली, चष्मा बदलून पुन्हा वाचली. मी शेजारी, चुकीची शिक्षा भोगायला तयार.  मग त्या कालवा चालवणाऱ्या तंत्रज्ञाला म्हणाल्या, "गाडी फिरवून दाखवता?"

पाणी सुटलं. गाडी रुळावरून घरघरत वळणाकडे आली. सिव्हिलच्या दुसऱ्या वर्षाची एक ब्लॅक मुलगी हातात सामोसा धरून कठड्याशी उभी होती, ती म्हणाली, "आदळणार ती." आदळली नाही. खांबाला घासेलसं वाटत असताना गाडी बाजूने निघून गेली.

"तीन बोटांची फट राहते," आंटी म्हणाल्या.

"तुम्हाला कसं कळलं होतं?" मुलीने विचारलं. ती पाटी वाचून आली होती.

आंटींनी तिच्या हातातला सामोसा काढून माझ्या हातात दिला, तिला दंडाला धरून खांबापाशी नेलं आणि म्हणाल्या, "इथे उभी राहा. आता दोन कागद डोळ्यांसमोर आण, एकावर एक." मुलगी डोळे मिटून उभी राहिली. आंटी बोटाने हवेत वळण काढायला लागल्या. तंत्रज्ञाने न सांगताच गाडी पुन्हा मागे घेतली. मी सामोसा धरून उभा होतो, आणि पुढे होऊन काही मदत करण्याचा मोह मी मोठ्या कष्टाने आवरला.